घरटी एक लाकूड

घोडबंदरच्या किल्ल्याच्या अलीकडे, खाडीला लागून एक टेकाड होतं. त्यावर मास्तरांनी माडाच्या झापांच्या खोपी उभ्या केल्या आणि त्यांना केंद्र म्हणायला सुरुवात केली. मास्तर मुंबईतल्या एका शाळेत कवायत शिकवायचे. ती नोकरी सोडून ते इथे आले, आणि ज्यांना कुणी नाही किंवा ज्यांच्या घरात खाणारं एक तोंड जास्त झालंय, अशी पोरं त्यांनी गोळा केली. पोहणं, होडी वल्हवणं, भाजीचे वाफे, झाडाखाली थोडं लिहिणं-वाचणं, असा सगळा उघड्यावरचा कारभार. माझी आई रत्नागिरीकडची, विधवा. ती तिथे स्वयंपाकाला राहिली आणि तिच्या पदराला धरून मीही. साठच्या दशकातली ही गोष्ट. भाईंदर स्टेशनला जाऊन यायचं तर दिवस मोडायचा. आता मी जवळच्याच शांती नगरात राहते आणि घोडबंदरला जायचं म्हटलं की नातवंडं फक्त ट्रॅफिकचं विचारतात.

मास्तर महाहट्टी. कुणापुढे हात पसरायचा नाही, हा त्यांचा नियम पोरांच्या इतका अंगात मुरला होता की मिठागरांच्या शेजारी राहूनही कुणाकडे चिमूटभर मीठ मागायची आम्हाला लाज वाटायची. आणि त्याच मास्तरांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. खाली जे शेतकऱ्यांचं गाव होतं, त्याने या पोरांना आपलं म्हणावं. मागायचं काहीच नाही आणि आपलं मात्र म्हणवून घ्यायचं, हे एकदम कसं जमणार, असं आई म्हणायची. मास्तरांच्या तोंडावर नाही म्हणायची.

गावाशी आमची सुरुवात काही चांगली झाली नव्हती. पहिल्याच वर्षी आमचा एक मुलगा गावच्या विहिरीवर गेला तेव्हा त्याला कुणीतरी विचारलं, तू कोणाचा, कुठल्या जातीचा. त्याला ते खरंच ठाऊक नव्हतं. लहानपणी तो स्टेशनवर सापडला होता. तो रिकामी घागर घेऊन परत आला आणि दुसऱ्या दिवसापासून टेकाडाखाली खणायला लागला. आमची विहीर त्यानेच खणली म्हटलं तरी चालेल. मी त्याला दादा म्हणायचे. भावाची हौस मी त्याच्यावर पुरेपूर भागवून घेतली. मी भाकरी थापली की तो ती उन्हाकडे धरायचा आणि म्हणायचा, भोकांतून पलीकडची वसई दिसतेय.

गावाची भातशेती खाऱ्या पाण्याच्या बांधामागे होती. उधाणाला बांध फुटला तर वर्षाचं भात गेलंच. म्हणून पावसाच्या आधी सगळा गाव मिळून बांध नीट करायचा, घरटी एक माणूस. आदल्या संध्याकाळी एक म्हातारा दारोदार हाक घालत फिरायचा. आमच्या फाटकाशी तो कधी आला नाही. पण कुणी बोलवायची वाट बघणं दादाच्या स्वभावात नव्हतं. हाक पडायच्या दोन दिवस आधीच तो पोरांना घेऊन बांधावर हजर असायचा, कमरेइतक्या चिखलात. दुपारी गावच्या बायका भाकरी आणायच्या, त्यातली त्याला मिळायची. आमची पोरं गावात हसत-बोलत हिंडायला लागली. मास्तर मात्र दरवर्षी त्या संध्याकाळी फाटकाशी बसून राहायचे. म्हातारा खालच्या खालीच वळायचा. मग मास्तर उठून धोतर झटकायचे आणि काहीच झालं नाही असं दाखवायचे. मला त्यांचा राग यायचा आणि रडूही यायचं.

मग एका वर्षी आषाढात, सकाळी गवत कापताना दादाला साप चावला. पोरांनी त्याला रस्त्यापर्यंत उचलून नेलं, एका ट्रकवाल्याला थांबवलं. ठाण्याला पोचायच्या आत तो गेला. ट्रकवाला भला माणूस, त्यानेच त्याला परत आणून सोडलं. अपना बच्चा समझके लाया हूँ, एवढंच तो मास्तरांना म्हणाला आणि गाडीकडे वळला.

आता त्याला न्यायचं कुठे, हा प्रश्न होता. गावच्या मसणात न्यायचं तर गावाला सांगायला हवं. आणि सांगितलं की पहिला प्रश्न विहिरीवरचाच येणार, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. तोच प्रश्न मेल्यावरही त्याच्या वाट्याला यावा, हे मास्तरांना सोसवेना. मोठी पोरं म्हणाली, आपलं आपण करू. आई एकदा दबकत म्हणाली की निदान निरोप तरी धाडावा. मास्तर म्हणाले, "जिवंतपणी त्याने कुणाकडे काही मागितलं नाही. आता त्याच्यासाठी मी मागू?"

आईने पावसाळ्यासाठी मांडवात रचून ठेवलेलं कोरडं सरपण पोरांनी खाली नेलं. खाडीच्या काठावर, भर पावसात, वर पत्रे धरून आम्ही त्याला जाळला. मी त्या दिवशी जितकी रडले तितकी नंतर आई गेली तेव्हाही रडले नाही.

संध्याकाळी फाटकाशी माणसं दिसली. डोक्यावर इरली, गोणपाटाच्या खोळी, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर एकेक लाकूड. खाडीपलीकडून कुणीतरी धूर पाहिला होता आणि नावाड्याने येऊन गावात सांगितलं होतं. त्या गावात मयत झालं की घरटी एक माणूस यायचा आणि येताना लाकूड आणायचा. अशी चाल आईच्या माहेरीही होती. पण ती आपल्या माणसांसाठी असते, आणि आम्ही त्यांची माणसं आहोत हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. कुणी जात विचारली नाही. हाक घालणारा म्हातारा पुढे आला आणि मास्तरांच्या तोंडाकडे बघत राहिला.

"आमचं पोर आमाला न सांगता जाळलंव?"

ज्या शब्दांसाठी मास्तरांनी इतकी वर्षं काढली ते असे आले. मास्तर कसंबसं म्हणाले, तुमची हाक आमच्या दारी कधी आली नाही, म्हणून वाटलं. म्हातारा म्हणाला, "हाक कोनाला घालू? तुमी हाकेच्या आधी बांधावर. तो तर आमच्याही आधी."

मग त्याने आपलं लाकूड फाटकाच्या आत ठेवलं. त्याच्यामागून प्रत्येकाने ठेवलं आणि सगळे उतरून गेले.

सरणासाठी आणलेलं लाकूड कुणी घरी परत नेत नाही, आणि ते चुलीतही घालत नाहीत. आमच्याकडे कोरडी काडी उरली नव्हती. तो सगळा पावसाळा आई ओल्या काटक्या फुंकून डोळे लाल करून घेत होती, आणि वीसेक माणसांचा स्वयंपाक होईल एवढी लाकडं फाटकाशी भिजत पडली होती. त्यांना वाळवी लागली. मास्तर येता-जाता त्यांना वळसा घालायचे. ढीग हलवू का, असं एका मुलाने विचारलं तेव्हा ते त्याच्यावर खेकसले.

पुढच्या वर्षी बांधाची वेळ आली आणि पहिल्यांदाच आमच्यातलं कुणी आधी गेलं नाही. गावाला तोंड दाखवायची लाज वाटत होती. आदल्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. म्हातारा टेकाड चढून वर आला, त्या कुजक्या लाकडांशी थांबला आणि त्याने हाक घातली, "घरटी एक मानूस."

मास्तर ताटावरून उठले. आमच्या घरातून कोण जाणार हे वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. सवयीने त्यांनी पंगतीकडे मान वळवली, दादाला सांगायला.