मालधक्क्याच्या भिंतीवरची माणसं

पूर्णा जंक्शनच्या मैदानावर किती माणूस आलं, हे रंगनाथमामा डब्यांत सांगायचे. उभा जन्म रेल्वेत टीसी म्हणून गेलेला. बहात्तर डोकी आत आली की त्यांच्या लेखी एक डबा भरला. निवृत्तीनंतर जंक्शन फुटबॉल संघाच्या सामन्यांना फाटकावर तिकिटं फाडायचं काम त्यांनी हौसेनं अंगावर घेतलं होतं. एकेकाळी नऊ-नऊ डबे मोजले होते त्यांनी. आणि आता? "एकच डबा," कुणी न विचारताच ते म्हणाले, "आन् त्योबी अर्धा रिकामा."

संघ पगारी होता. कंत्राटदार दत्तरावांनी पंधरा वर्षांपूर्वी मोठ्या हौसेनं उभा केलेला. हैदराबादचे, नांदेडचे, आसपासच्या गावांतले खेळाडू पगारावर ठेवलेले. आता ती हौस फिटत आली होती.

"मामा, येत्या रविवारी पाच डबे झाले तर संघ इथंच ऱ्हाईल," दत्तराव म्हणाले. "न्हाई तर नांदेडला न्हेतो. रिकाम्या मैदानात पोरं कुणाला खेळून दाखवायची?"

मामा घरी आले ते तोंड पाडूनच. पूर्णेची मीटरगेजची छोटी लाईन गेली, तिच्या मागं इंजिनांच्या शेडमधली गजबज गेली, ते सगळं त्यांनी गिळलं होतं. पण रविवारची दुपारही जाणार म्हटल्यावर त्यांना जेवण जाईना.

गर्दी का आटली, याचं कारण गावात ज्याचं त्याचं वेगळं. चहावाला पंडित मोबाईलवर खापर फोडायचा. कुणी क्रिकेटला शिव्या घालायचं, कुणी म्हणायचं अर्धं गाव ऊसतोडीला जातंय तर येणार कोण. मामांचं स्वतःचं मत सरळ होतं: संघ जिंकला की माणूस येतं, हरला की पाठ फिरवतं. फक्त एक गोष्ट त्या मतात बसत नव्हती. ज्या वर्षी संघ घरच्या मैदानावर एकदाही हरला नाही, नेमकं त्याच वर्षी मैदान सगळ्यात ओस पडलं होतं.

पहिली तीन वर्षं काय होती! मैदानाच्या पलीकडच्या अंगाला मालधक्क्याची दगडी भिंत. हमाल पाळी संपवून तिच्यावर चढायचे. रेल्वे क्वार्टरमधल्या बाया ओटीत शेंगा घेऊन येऊन बसायच्या. हैदराबादचा एक आळशी गोलकीपर होता, बायांनी त्याचं नाव जावईबापू ठेवलं होतं. चेंडू आला की अख्खी भिंत ओरडायची, "जावईबापू, उठा की आता!" तिकीट काढून खुर्चीत बसलेली माणसं खेळ कमी बघायची आणि त्या भिंतीचं बोलणं ऐकून पोट धरून जास्त हसायची.

मामांना मात्र ती भिंत डोळ्यांत सलायची. त्यांच्या दृष्टीनं ती सगळी विनातिकीट. सख्ख्या साडूला गंगाखेड स्टेशनवर पकडून दंड ठोठावणारा हा माणूस, त्याला हे कसं सोसावं? दत्तरावांच्या मागं लागून त्यांनी भिंतीसमोर उंच हिरवी जाळी ठोकून घेतली. "विनातिकीट माणूस माणसात मोजायचा न्हाई, मालक," असं बजावलंही. पहिल्या महिन्यात फाटकावर दीड डबा वाढला. मामा फुशारून गेले. मग पुढं वर्षा-दोन वर्षांनी एकेक डबा गळत गेला, इतका हळू, की जाळीचा आणि त्याचा संबंध कुणी जोडलाच नाही.

गुरुवारी सकाळी घरात मामांच्या पत्नी सत्यशीलाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. मामांनी सहज विचारलं, "तू बी यायचीस की गं मॅचला. मधीच का सोडलंस?"

बाईंनी मान वर केली नाही. "तुमीच जाळी लावली की."

"मंग तिकीट काढून यायचं."

"मैतरणीला भिंतीमागं सोडून मी एकटी खुर्चीवर बसू व्हय? अहो, आमी बसायचो तवा लोक हसायला यायचे. आमी उठलो, मैदान मुकं झालं. मुक्या मैदानात कोन येतंय?"

बारा वर्षं आपण दुनियेला कारणं विचारत हिंडलो आणि घरात तेवढं विचारलं नाही, याची मामांना मनापासून लाज वाटली.

शनिवारी सकाळी पंच्याहत्तरी गाठलेला हा माणूस स्टुलावर चढून जाळी सोडू लागला. बाई खालून स्टूल धरून उभ्या. बातमी क्वार्टरभर झाली. रविवारी तीन वाजता भिंतीवर बोट ठेवायला जागा नव्हती. फाटकावरही मागच्या रविवारपेक्षा बरी गत होती. लांबून आवाज ऐकून माणसं वळत होती, पण थोडीच.

मध्यंतरात दत्तराव आले. "किती, मामा?"

"दोन डबे. पर मालक, भिंतीकडं बघा की. तिथं च्यार डबे सहज हायेत."

दत्तरावांनी भिंतीकडं बघितलं. मग मामांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "विनातिकीट माणूस मोजायचा न्हाई, हे मला तुमीच शिकवलं, मामा. सोमवारी सामान हालवतो."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मामांनी फाटक तसंच उघडं टाकलं आणि मैदानाला वळसा घालून भिंतीपाशी आले. सत्यशीलाबाई सरकल्या. दोन हमालांनी हात देऊन मामांना वर घेतलं.

"त्यो सात नंबरचा कोन गं?"

"महारुद्र. पाथरीचा हाय, लय चपळ." पूर्वार्धातच बाईंना सगळ्यांची नावं पाठ झाली होती.

फाटकावर मामांचं तोंड सदा रस्त्याकडं असायचं आणि पाठ खेळाकडं. गोल झाला हे त्यांना नेहमी ओरड्यावरून कळायचं. आज महारुद्रनं दोघांना चकवून चेंडू जाळ्यात मारला, तो त्यांनी डोळ्यांनी बघितला. भिंत उसळली. मामाही उठले, ओरडले, आणि खाली बसले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"एवढं ग्वाड असतंय व्हय हे?"

"असतंय," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या हातात मूठभर शेंगा ठेवल्या. "लवकर यायला पायजे होतं तुमी."