बासरीचा सायलेन्सर

आवाज फुटायच्या वयात त्याचा आवाज फुटलाच नाही. बरोबरीची मुलं एकेक करून घोगरी झाली, फोनवर बाप बोलतोय की मुलगा हे ओळखू येईना, आणि हा मात्र जिथल्या तिथे. वर्गाने त्याला बासरी म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव असं चिकटलं की पुढे लग्न झालं, टक्कल पडलं, पोट सुटलं, तरी तो बासरीच राहिला. नवीन माणूस भेटला की तो स्वतःच सांगून मोकळा व्हायचा, "मला बासरी म्हणतात. पोटाकडे बघू नका, नाव आवाजावरून पडलंय." दुसऱ्याने हसायच्या आत आपण हसून घ्यावं, असा त्याचा हिशेब होता. इतक्या वर्षांत तो सहसा चुकला नव्हता.

लोखंडी कपाटं बनवणाऱ्या कारखान्यात तो दारं वेल्ड करायचा. तिथे पत्रा दाबायचं यंत्र दिवसभर असं धडधडायचं की फोरमनने कितीही घसा ताणला तरी त्याचे शब्द त्याच्या मिशीपलीकडे जात नसत. बासरीचा आवाज मात्र त्या गोंगाटातून सुईसारखा पार व्हायचा. त्यामुळे कुणाला हाक मारायची असली की फोरमन येऊन बासरीच्या खांद्यावर टिचकी मारायचा. वेल्डर म्हणून त्याला बरा मान होता, पण भोंगा म्हणून जास्त होता. हे सगळं तो घरी रंगवून सांगायचा, बायको पोट धरून हसायची, आणि मग तो आतल्या आत खट्टू व्हायचा, की एवढं हसण्यासारखं काय होतं त्यात.

चाळिशी उलटल्यावर त्याने मोटारसायकल घेतली. काळीभोर, रुंद टाकीची, उभी असली तरी पळतेय असं वाटावं अशी. दुकानदाराने किल्ली हातात दिली, त्याने गाडी चालू केली आणि त्याचा चेहरा उतरला. एवढ्या धिप्पाड गाडीतून शिलाई मशीनची टरटर येत होती. दुकानदार म्हणाला, हल्ली सगळ्या गाड्या अशाच येतात, नियम आहेत. बासरी म्हणाला, "नाही हो, ही खास माझ्यासाठीच बनवली असणार."

घरी जाताना सिग्नलला शेजारी एक जुनी मोटारसायकल येऊन थांबली. तिचा आवाज जमिनीतून यावा तसा येत होता. रस्त्यावरच्या चार लोकांनी वळून तिच्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं आणि माना परत फिरवल्या. त्या क्षणी बासरीने ठरवलं. स्वतःच्या घशाला वेल्डिंग करणं शक्य नव्हतं, गाडीच्या घशाला होतं.

पहिल्याच रविवारी त्याने घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सायलेन्सर उतरवला आणि ग्राइंडरने उभा कापला. आत पडदे होते, भोकं पाडलेल्या नळ्या होत्या, धुराने एकदा पुढे, एकदा मागे, पुन्हा पुढे हेलपाटे घालावेत अशी सगळी व्यवस्था होती. कुणीतरी डोकं लढवून ते केलं असेल, असा विचार त्याच्या मनाला शिवलासुद्धा नाही. त्याने ते सगळं काढून कोपऱ्यात फेकलं, रिकामं नळकांडं पुन्हा जोडलं आणि छाती फुगवून गाडी चालू केली.

आवाज मोठा झाला होता, खोल नव्हे. पत्र्यावर खिळे ओतावेत तसा. उतारावर रेसवरचा हात सैल सोडला की मागून फटाफट बार उडायचे. भिंतीपलीकडे एक निवृत्त मुख्याध्यापिका एकट्या राहत. त्यांनी भिंतीवरून डोकावून, शाळेत वापरत असतील त्याच स्वरात, हे किती दिवस चालणार आहे असं विचारलं. बायको ओले हात पुसत बाहेर आली, जरा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "ही बोलत नाहीये हो. ओरडतेय."

ते त्याला पटलं. ओरडता तर त्यालाही येत होतं, त्यासाठी गाडी कशाला हवी होती. मग तो कारखान्यातल्या जुन्याजाणत्यांना विचारत सुटला, भंगारवाल्याकडचे सायलेन्सर हातात घेऊन कानाशी ठोकून बघू लागला. त्याने लांब आणि फुगीर नळकांडं बनवलं, आत जाळीची सरळ नळी घातली आणि दोन्हींच्या मधल्या जागेत काचेचा कापूस ठासून भरला. हा कापूस हातमोजे घालून हाताळायचा असतो, हे त्याला सगळ्यांनी सांगितलं होतं. त्याला वाटलं, कापूसच तर आहे. पुढचा आठवडाभर तो असा खाजवत होता की फोरमन टिचकी मारायला न येता लांबूनच खडा मारू लागला.

पण आवाज आला. शेजारच्या खोलीत एखाद्या वजनदार माणसाने घसा साफ करावा, तसा संथ, भरदार. बासरी गाडीवर नुसता बसून राहिला. मग फेऱ्या सुरू झाल्या. साखर आणायला एक, चहापत्तीला दुसरी, साबण राहिला म्हणून तिसरी. सिग्नलला थांबला की तो हेल्मेटची काच खाली ओढायचा आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. कुणी पत्ता विचारला तर हाताने दाखवायचा, जास्त खोलात विचारलं तर गाडी पुढे काढायचा. गाडीने कमावलेली अब्रू त्याला दोन वाक्यांत घालवायची नव्हती. कारखान्यातल्या पोरसवद्यांनी आवाज ऐकला आणि रविवारी शेडसमोर गाड्या उभ्या राहू लागल्या. बासरीने बऱ्याच जणांचे आवाज खाली उतरवून दिले आणि तो स्वतःला कलावंत समजू लागला.

एक दिवस मुख्याध्यापिका बाई दारातच आल्या. गाडी आली की त्यांच्या फळीवरचे कप किणकिणत होते. "पहिला आवाज कानात यायचा, तर मी कानात बोळा घालायचे," त्या म्हणाल्या. "हा पोटात येतो. पोटात बोळा कसा घालू, सांगा." बासरी मनापासून हसला, बाईंना चहा दिला, आणि केलं काहीच नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वाहतूक पोलिसाने त्याला भर चौकात अडवलं. गाडीचा आवाज ऐकून त्याने चेहरा आधीच कडक करून ठेवला होता. गाडी बंद झाली. बासरीने हेल्मेट काढलं आणि म्हणाला, "साहेब, चुकलं."

पोलिसाने त्याच्या मागच्या सीटकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. त्याने पुन्हा बोलायला सांगितलं, ओठ हलताना नीट पाहिले आणि पलीकडच्या जोडीदाराला हाक मारली. मग दोघांच्या आग्रहावरून बासरीने गाडी चालू केली, बंद केली, स्वतःचं नाव सांगितलं, परत गाडी चालू केली. चार रिकामटेकडे जमले. कुणी वाईट बोललं नाही, पण सगळे मनसोक्त हसले. एरवी बासरी सगळ्यांच्या आधी हसला असता. त्या दिवशी त्याने तोंड वाकडं करून पाहिलं, हसू येईना.

शेवटी पोलिसाने डोळे पुसत कागद ठेवून घेतले. मूळचा सायलेन्सर बसवून वाहतूक कार्यालयात गाडी दाखवायची आणि कागद न्यायचे, असं सांगितलं.

मूळचा सायलेन्सर कधीच भंगारात गेला होता. नवा मागवला तर कधी येईल हे कुणी सांगेना. बासरी शेडमध्ये उकिडवा बसून राहिला. बायको चहा घेऊन आली तेव्हा त्याने नेहमीसारखा चौकातला प्रसंग नकला करून सांगायला घेतला, आणि पोलीस मागच्या सीटकडे बघतो इथवर येऊन थांबला. बायको हसली नव्हती.

"हसली नाहीस," तो म्हणाला.

"मी हसते ते तुम्ही हसवता म्हणून. आज तुम्ही हसवत नव्हता."

ती शेजारच्या खोक्यावर बसली. म्हणाली, "आमच्या घरी सगळ्यांचे आवाज खोलच होते. वडिलांनी पाणी मागितलं तरी मी दचकायचे. तुम्ही पहिल्यांदा बोललात माझ्याशी, तेव्हा दचकले नाही. तेवढ्यावर हो म्हटलं मी."

"म्हणजे पोटाकडे बघितलंच नव्हतंस."

"तेव्हा ते नव्हतं."

आता सायलेन्सर बनवणं आलं. आवाज मोकळा सोडणं हे कापाकापीचं काम होतं, त्याला परत कोंडणं म्हणजे समजूत काढण्याचं. पडदे कुठे होते, कुठली नळी कुठे उघडत होती, हे आठवताना बासरीने स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. एक पडदा पुढे सरकवला की आवाज दबायचा पण गाडी चढावर धापा टाकायची, मागे घेतला की गाडी पळायची पण गुरगुरायची. परीक्षकही हवा होता. तो हात जोडून मुख्याध्यापिका बाईंकडे गेला. बाईंनी खुर्ची भिंतीपाशी ओढली, एक कप बशीवर उलटा ठेवला आणि त्या बसल्या. प्रत्येक वेळी गाडी चालू झाली की कपाकडे बघून निकाल सांगायच्या. नापास. अजून नापास. मेहनत दिसतेय, पण नापास. एका दुपारी कप गप्प राहिला तेव्हा त्या उठल्या आणि म्हणाल्या, "बरं आहे. पण हे आधीच केलं असतंत तर?"

कार्यालयात गाडीच्या शेपटीशी यंत्र धरलं गेलं, आकडा पसंत पडला, कागद परत मिळाले. तपासणाऱ्याने सायलेन्सर कुठला म्हणून विचारलं. बासरीने खरं ते सांगून टाकलं. तपासणाऱ्याने तो वाकून दोनदा पाहिला आणि त्यानंतर आवाजासाठी पकडलेली माणसं तो बासरीकडे पाठवू लागला. त्यातली पहिली बरीचशी गिऱ्हाइकं जुनीच होती. ज्यांचे आवाज बासरीने हौसेने उतरवले होते, तेच आता डोकं खाजवत दारात उभे होते. आपलंच वेल्डिंग ग्राइंडरने कापताना त्याला कळलं, की ते फारसं वाईट नव्हतं, चांगलं चिवट होतं, आणि त्याचा त्याला अतिशय राग आला.

असा तो गाड्या गप्प करणारा म्हणून नावारूपाला आला. खोल आवाज करून द्या म्हणून अजूनही कुणी येतं. बासरी त्याला आधी बाईंच्या खुर्चीसमोर उभा करतो.

त्याची स्वतःची गाडी आता पूर्वीपेक्षाही हळू टरटरते. बायको मागे बसली की तिचं बोलणं स्पष्ट ऐकू येतं. मधले काही महिने ती मागून काहीबाही बोलायची आणि तो ऐटीत मान डोलवायचा. ती आपल्या रुबाबाचं कौतुक करत असावी अशी त्याची समजूत होती. आता कळलं की ती सगळी त्याच्या चालवण्याबद्दलची तक्रार होती आणि अजून संपलेली नाही. वळणाआधी जरा लवकर ब्रेक दाबा, असं ती सांगते. तो दाबतो.