पलीकडच्या शाळेतली खिचडी

कुंताबाईच्या पोटात दुखायचं ते तलावापलीकडच्या शाळेमुळे. शाळा दोन्ही जिल्हा परिषदेच्याच. पण पवनीकडच्या या टोलीवरची, छोट्या वस्तीतली शाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक गुरुजी. पलीकडे मात्र रंगवलेल्या भिंती, टीव्ही, कंपाउंडला लागून वांग्या-मेथीची परसबाग. "भिंती चाटून पोट भरते का पोरायचं?" असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची. अठरा वर्षं ती टोलीच्या शाळेत खिचडी शिजवत होती आणि तिच्या खिचडीचं शीत कधी ताटात उरलं नव्हतं.

त्यात यंदा घरच्याच माणसानं घात केला. तिच्या मुलानं, चंद्रकुमारनं, नात रीनाला जूनमध्ये पलीकडे घातलं. पट विसाचा एकोणीस झाला. विसाच्या खाली गेलात तर शाळा पलीकडच्या शाळेत मिळवू, असं साहेब बजावून गेले होते. म्हणजे कुंताबाईची चूल विझणार, आणि तिकडे शिजवणार कोण, तर रुपा! लहानपणी याच कुंताबाईसमोर ताट घेऊन बसणारी, लग्न होऊन तिकडे गेलेली कालची पोर. कुंताबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पलीकडच्या शाळेत रोज एका पोराच्या घरचं माणूस आधी घास चाखून पाहतं. श्रावणातल्या एका सोमवारी रीनाची पाळी आली. सून धानाच्या रोवण्याला गेलेली. कुंताबाईनं आपलं भांडं लवकर उतरवलं आणि तलावाच्या बांधावरून तरातरा निघाली.

रुपाचा उपवास, शाळेच्या मॅडमचाही उपवास; चाखायला दुसरं कोणी नाही. कुंताबाईनं नाक मुरडलं. चाखल्याशिवाय वाढायचं नाही, म्हणून तिनं शाळेच्या दिवशी कधी उपवास धरला नव्हता.

"मावशी, तुमी आल्या, लय बरं झालं," रुपा हरखून म्हणाली. "पाहा बरं, मीठ कसं हाय?"

घास जिभेवर ठेवला मात्र, कुंताबाईचा जीव जळला. खिचडी झकास होती. तिच्यापेक्षाही जराशी वरचढ.

"अळणी हाय," ती म्हणाली. "दोन मुठी टाक अजून."

"दोन?"

"मंग अठरा वर्षं मी गवत शिजवलं का वं?"

रुपानं मान डोलावली, उकळत्या पाण्यात मीठ विरघळवलं आणि खिचडीच्या गंजात ओतलं.

पहिल्याच घासाला पोरांनी तोंडं वाकडी केली. साठ ताटं तशीच राहिली. बारकी पोरं पाणी पिऊन उठली. रुपा रडकुंडीला आली.

"मायाच हात चुकला असन, मावशी. तुमी बरोबरच सांगतलं, मायाच मुठी मोठ्या पडल्या असतीन."

रीनानं कुंताबाईचा पदर ओढला.

"आजी, इथली खिचडी चांगली नाही. उद्यापासून मले तुयाच शाळेत यायचं हाय."

जूनपासून हे ऐकायला कुंताबाई झुरत होती. आता पट वीस होणार होता. पण ते विसावं पोर तिच्यासमोर उपाशी उभं होतं, आणि त्याला उपाशी तिनंच ठेवलं होतं.