उतेकरताईंनी ओळखलेलं परकं वाण

उतेकरताई गेल्याचं मला पाचाडला कळलं. ट्रकमधल्या सिमेंटच्या गोण्या उतरवून चहा मागवला होता, तेवढ्यात हॉटेलवाला म्हणाला, "ती पोलादपूरची रक्तवाली बाई गेली म्हणं." मी त्याच्यावर उगाच खेकसलो, "नीट नाव घे की!" आणि चहा न पिताच महाडला घरी आलो. त्याला आता महिना होऊन गेला. मी ट्रकवाला माणूस, लेख लिहिणं माझं काम नव्हे. पण ज्या बाईने माझी पोर वाचवली आणि माझी लबाडी पकडली, तिच्याबद्दल मी नाही लिहायचं तर कोणी?

ताई सरकारी दवाखान्यात हिवतापासाठी रक्त तपासायच्या. सकाळी डोंगर चढून वाड्यावाड्यांत जायच्या, तापलेल्या माणसाच्या बोटाला सुई टोचून काचेवर थेंब घ्यायच्या, आणि दुपारी मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायच्या. आणखी एक थेंब त्या टिपकागदावर वाळवून, गावाचं नाव घालून पाकिटात ठेवायच्या. तसं करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. विचारलं की म्हणायच्या, "माझं खूळ हाय ते. तुझं काय जातंय?" तोंडाने फटकळ, पण तापकरी म्हातारीच्या चुलीवर स्वतः पेज करून ठेवून येणारी बाई.

माझी पोर लहान होती त्या वर्षांत आमच्याकडे रेल्वेच्या बोगद्यांची कामं चालली होती. कुठून कुठून लांबच्या मुलखांतले मजूर आलेले. मी त्यांच्या छावणीवर सिमेंट न्यायचो, तिन्हीसांजेला त्यांच्यातच बसून जेवायचो. तिथेच मला ताप भरला. गोळ्या मिळाल्या, अर्ध्यातच ताप उतरला. आता आमच्याकडची रीत सांगतो. ताप उतरला की उरलेल्या गोळ्या राखायच्या. कुणी डब्यात ठेवतो, कुणी पदराच्या गाठीत, कुणी एसटीच्या ड्रायव्हरकडे देऊन मुंबईच्या मुलाला धाडतो. बरं झाल्यावर औषध खाणं म्हणजे आम्हाला चैन वाटते. मीही उरलेल्या गोळ्या धाकट्या भावाला देऊन टाकल्या आणि स्वतःला मोठा शहाणा समजलो.

पुढच्याच महिन्यात माझी नजमा तापली. सहा वर्षांची होती. ताईंनी तिला प्रत्येक गोळी आपल्या डोळ्यांसमोर गिळायला लावली. ताप उतरला... आणि आठवड्याने दुप्पट होऊन परत आला. पोर आईला ओळखेना. ताईंनी पुन्हा रक्त पाहिलं. जंतू तसेच होते. त्यांनी मला बाहेर बोलावलं.

"मुनीर, तुला मधे ताप येऊन गेला ना? गोळ्या पुऱ्या खाल्ल्यास?"

"पुऱ्या."

"बोट आण इकडं."

थोड्या वेळाने त्यांनी मला मायक्रोस्कोपपाशी बसवलं. माझ्याच रक्तात विळ्याच्या आकाराचे जंतू दिसत होते. "तुला ताप नाय, पण हे बघ कसे बसलेत. डास चावायची वाट बघतायत. आता खरं बोल. पोरीला कुठलं औषध द्यायचं ते त्याच्यावर हाय."

"अर्ध्याच खाल्ल्या, ताई," मी म्हटलं.

त्या तशाच उठून डॉक्टरांकडे गेल्या. "पोरीने पुऱ्या गोळ्या घेतल्यात, मी साक्षीला हाय. बापाला बोगद्याच्या छावणीवर ताप भरला, त्याने अर्ध्या घेतल्या, त्याच्यातबी तेच. हे जंतूंचं वाण आपल्याकडचं नाय, ह्याला ही गोळी लागत नाय. क्विनाइन द्या, आत्ता!" डॉक्टरांनी ऐकलं, म्हणून त्यांचेही उपकार. महाडच्या दवाखान्यात सलाइनमधून क्विनाइन सुरू झालं. चौथ्या दिवशी नजमा उठून बसली आणि म्हणाली, "मला नानखटाई पायजे." आख्खी बेकरी उचलून आणावी असं वाटलं मला!

ती हसायला-खेळायला लागली तेव्हा मी ताईंना विचारलं, "माझ्याच रक्तातून गेलं ना हे तिला?"

"तसंच दिसतंय," त्या म्हणाल्या. खोटी समजूत घालणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. "पण नीट ऐक. जंतूंच्या पिढ्यांवर पिढ्या होतात, त्यात एखाद्याच्या जनुकांत फरक पडतो आणि त्याला गोळी लागेनाशी होते. हा फरक तुझ्यात नाय पडला. तो लांबून मजुरांच्या रक्तातून इथं आला. त्यात त्या बिचाऱ्यांचाबी दोष नाय. तू काय केलंस, तर अर्ध्या गोळीने कच्चे तेवढे मारलेस नि चिवट राखलेस. बेणणीला जाऊन भात उपटावं नि तण ठेवावं, तसं."

मी मान खाली घातली. तर बाई म्हणते कशी, "मान काय घालतोस? आशा हाय अजून. नव्या मुलखात वाण येतं ते दोन-चार माणसांतून. सगळी एका मुठीतली पेर. इथल्या जुन्या जंतूंत ते मिसळतं डासाच्या पोटात. ते मिसळून पसरायच्या आत एकेक माणूस गाठला, तर मुळासकट जाईल. पण मी विचारलं की लोक तुझ्यासारखंच 'पुऱ्या' म्हणतात. तू येशील बोलायला?"

मी हो म्हटलं, पण अट घातली. घरी काही सांगायचं नाही.

पहिलं गाव कुडपण. तिथली एक म्हातारी ठसक्यात म्हणाली, "खाल्ल्या गो बाय सगळ्या." मग मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर माझी कथा सांगितली... लाज वाटत होती. माझं संपल्यावर म्हातारीने हळूच पदराची गाठ सोडली. "दोन ऱ्हायल्यात. बाबू मुंबयस्नं येल, त्याला ताप आला तं?"

"बाबूला मी बघून घेईन," ताई म्हणाल्या. "त्या मला दे, नि बोट पुढं कर."

त्या दिवशी आणखी कितीतरी गाठी सुटल्या. मग माझा ट्रक जाईल त्या गावात आम्ही हेच केलं, छावणीवरही. दोन पावसाळ्यांनी ताईंच्या काचांवर तसा चिवट ताप दिसेनासा झाला. साधा हिवताप राहिला, तो गोळीला ऐकायचा. पुढे मुंबईहून संशोधन करणारी एक मुलगी आली, तिने टिपकागदावरचे ते वाळके थेंब नेले आणि तपासून कळवलं, की त्या हंगामातल्या चिवट जंतूंची जनुकं जवळजवळ एकसारखी होती, आणि नंतरच्या थेंबांत ती नव्हती. पत्र वाचून ताई एवढंच म्हणाल्या, "म्हटलं नव्हतं, एका मुठीतलं हाय?" आणि चष्मा पुसत बसल्या.

पाचाडहून परतलो त्या दिवशी नजमा कॉलेजातून आली होती. तिला समोर बसवलं आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सगळं सांगून टाकलं. 

"अब्बा, मला दहावीतच कळलं होतं. मीच ताईंना खोदून विचारलं, आणि त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, तुझा बाप डोंगरातल्या दारोदार जाऊन खरं बोललाय, घरातच तेवढी त्याची जीभ अडते. तो आपणहून सांगेल, तोवर तू विचारू नको."

मी ओक्साबोक्शी रडलो. नजमाचेही डोळे भरून आले होते. तिने ओढणीने ते पुसले आणि हात पुढे केला.

"प्रेशरच्या गोळ्या घेताय ना रोज? पाकीट दाखवा."

ओठांवर 'घेतो की' आलं होतं. ते गिळलं आणि म्हटलं, "तीन चुकवल्या, बेटा."