पाणथळीला हिंदी शब्द

मध्य प्रदेशात सौंसरहून जामसांवलीकडे जाताना आमचं गाव लागतं. गावच्या तलावाला खोल होण्यापेक्षा पसरायचीच हौस जास्त. त्याच्या शेपटाकडे आठ-दहा एकर पाणथळ आहे, लव्हाळ्याची आणि गुडघाभर चिखलाची. तिच्यासाठी १९८४ पासून दर रविवारी सकाळी तलावाच्या पाळीवर आमचा खल चाले. संस्था नाही, अध्यक्ष नाही, ठराव तर नाहीच. मी शाळामास्तर, रामाजी जंगलखात्याचे नाकेदार, भैय्याजी संत्र्याचे बागाईतदार आणि चौथ्या शकुबाई सोमकुवर.

शकुबाईंना कुणी बोलावलं नव्हतं. त्या लव्हाळा कापायला यायच्या आणि भारा बांधून झाला की त्याच भाऱ्यावर बसून आमचं ऐकायच्या. दोन महिने त्या बोलल्याच नाहीत. मग एका रविवारी, पाणथळीतली पाखरं कमी का झाली यावर रामाजी तासभर बोलले आणि ते कसे चुकतात यावर मी तासभर बोललो, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमीच तर म्हशी हाकलून राहिले ना तिकून. म्हशीच्या खुरानं चिखल मोकळा होते, किडे वर येतेत. रिकाम्या ताटावर पाखरू कायले बसन जी?"

आम्ही म्हशी पुन्हा येऊ दिल्या. पुढच्या हिवाळ्यात पाखरं आली. तेव्हापासून आमचा खल म्हणजे आम्ही तिघांनी घसा कोरडा करायचा आणि शेवटी शकुबाईंकडे बघायचं. मी त्यांना घाबरायचो म्हटलं तरी चालेल. मी वह्याच्या वह्या भरल्या होत्या, आणि शकुबाई त्या एका वाक्यात रद्दीत घालत.

१९८६ च्या फेब्रुवारीत कळलं की जंगलखातं पाणथळीवर नीलगिरी लावणार आहे. अर्ज करायचं ठरलं. आता आमची बोली मराठी आणि कचेरी हिंदी. पाणथळीला हिंदी शब्द कुणाला सुचेना. दोन रविवार त्यातच गेले. अखेर मी शहाणपणा पाजळला आणि लिहिलं, 'दलदल'.

"हा शब्द बरा नाही वाटत, गुरुजी," शकुबाई म्हणाल्या. "दलदलीत माणूस फसते. अशी जागा कोण ठेवन?"

"बाई, भाषेचं माझ्यावर सोडा," मी म्हणालो. आज लिहितानाही त्या वाक्याची लाज वाटते.

महिन्याभरात उत्तर आलं. आमच्या गावात दलदल आहे याची खात्याने गंभीर दखल घेतली होती. चर खोदून ती सुकवण्याचा आदेश निघाला होता, वर नीलगिरी होतीच. वाचवायला गेलो ते बुडवून बसलो. भैय्याजींच्या बागेच्या विहिरी त्या ओलीवर जगत. ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. रामाजींना नोकरीपायी तोंड उघडता येईना. शकुबाईंनी 'मी म्हटलं नव्हतं का' असं एकदाही म्हटलं नाही. मी असतो तर चारदा म्हटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "साहेब कवा येऊन राहिले?"

साहेब एप्रिलच्या एका मंगळवारी जीपमधून आले. चराची आखणी करायला सोबत चुन्याचं पोतं होतं. तलावाच्या तळाला भेगा पडल्या होत्या. शकुबाई सरळ पाणथळीत उतरल्या, बसल्या आणि विळ्याने हातभर खड्डा उकरला. गढूळ पाणी वर आलं. ते त्यांनी ओंजळीने तीनदा उपसून टाकलं. चौथ्यांदा आलं ते नितळ.

"ये झिरिया हाय साहेब," त्या म्हणाल्या. "दलदल गुरुजीनं लिवलं. उनकू मालूम नव्हतं."

झिरिया म्हणजे पिण्याच्या पाण्याचा झिरा. साहेब नर्मदेकडचे, त्यांना शब्द लगेच कळला. ते म्हणाले, "पीने का पानी है तो काम रुक जाएगा. लेकिन पीता कौन है? गाँव में हैंडपंप है."

हातपंप आल्यापासून तिथलं पाणी खरंच कुणी पीत नव्हतं.

"माझी माय पेत होती," शकुबाई म्हणाल्या. "आमाले गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. अख्खी वस्ती या झिऱ्यावर जगली."

ती विहीर भैय्याजींच्या वडिलांच्या शेतातली. लोकांना तिच्यावरून हाकलणारेही तेच. हे गावात सर्वांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. शकुबाईंनी भैय्याजींकडे पाहिलंसुद्धा नाही.

"वह पुरानी बात है," साहेब म्हणाले. "आज कौन पीता है?"

भैय्याजींनी पायातल्या वहाणा काढल्या. पांढऱ्या धोतरानिशी ते चिखलात उतरले, शकुबाईंसमोर उकिडवे बसले आणि पाण्यासाठी ओंजळ पुढे केली.

शकुबाईंनी मान हलवली. "वरून पाणी टाकाची रीत तुमच्या घरची, भैय्याजी. इथं ज्यानं त्यानं आपल्या हातानं घ्यावं."

भैय्याजींचा चेहरा पडला. क्षणभर वाटलं, उठून जातात. पण ते वाकले, झिऱ्यात हात घातला आणि प्याले. तीन ओंजळी प्याले.

साहेबांनी कागदावरच्या 'दलदल'वर रेघ मारून 'झिरिया' लिहिलं आणि पिणाऱ्याचं नाव विचारलं. भैय्याजींनी स्वतःचं नाव सांगितलं आणि कुणी न विचारता वडिलांचंही सांगितलं.