ज्या बाजूला पेटी, त्या बाजूला उत्तर

माझ्या सासऱ्यांची जुनी नाव मी सुधारली, आणि त्या दिवसापासून ती कुठे जाईल हे सांगणं कठीण झालं.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता आणि मी तिथे इलेक्ट्रिशियन होतो. वायर दिसली की जोडायची, हा माझा स्वभावच! सासरे मूळचे भंडाऱ्याकडचे. कामगारांच्या कॅम्पापलीकडच्या मोठ्या तलावात मासेमारी करत. त्यांच्या शिडाच्या नावेत यंत्र म्हणून एकच वस्तू होती, ती म्हणजे तळ चाचपत वाट काढायचा बांबू. पोलादाच्या गावात बांबू! मला ते बघवेना.

दुर्गच्या भंगारवाल्याकडून मी होकायंत्र आणलं, ट्रकचा दिवा आणला, बॅटरी आणली, भोंग्यासारखा वाजणारा पोंगा आणला. शिवाय एक व्होल्टमीटर. (तो तिथे काय मोजणार होता हे मला आजही सांगता येणार नाही, पण त्यानं नावेच्या पुढच्या फळीला शोभा आली.)

"जवाईबापू, आता ह्या बांबूचं काय करू?" सासऱ्यांनी विचारलं.

"चुलीत घाला!"

सासूबाईंनी त्याच संध्याकाळी त्यावर भात शिजवला.

नेमकी तेव्हाच धाकट्या मेव्हणीच्या, सुमनच्या लग्नाची बैठक ठरली. तलावाच्या उत्तरेला मुलाचं गाव. मुलाच्या वडिलांना वेळेचं भारी वेड. उशीर झाला तर दुसरी मुलगी बघू, असा त्यांचा साफ निरोप! स्थळ मोठ्या मुश्किलीनं जमलं होतं. आणि त्या सकाळी असं धुकं पडलं की नावेतून पाणीसुद्धा दिसेना.

"आज कसं जावाचं?" सासरे घाबरले.

"मी आहे ना!" मी म्हणालो.

निघालो. पुढे मी, मागे वल्हं धरून सासरे, मध्ये माझी बायको कमल, आणि माझ्या उजव्या हाताला कपड्या-मिठाईची भलीमोठी लोखंडी पेटी. तिच्यावर सासूबाई. होकायंत्राचा काटा उजवीकडे होता. "उजवीकडे घ्या!" मी हुकूम सोडला. नाव वळली. काटा पुन्हा उजवीकडेच. पुन्हा वळवली. तरी उजवीकडेच!

"अजी, आपण गोल फिरून राहिलो का?" कमलनं विचारलं.

"विज्ञानात बोलू नकोस!"

तेवढ्यात पाणी उडतं म्हणून सासूबाईंनी पेटी ओढून डावीकडे नेली. काटाही गर्रकन डावीकडे गेला.

"उत्तर सरकली!" मी ओरडलो. "डावीकडे घ्या!"

सासऱ्यांना तक्रार नव्हती. त्यांना पोंगा फार आवडला होता आणि ते तो सारखा वाजवत होते.

शेवटी नाव काठाला लागली. मी उडी मारली, समोरच्या धूसर आकृतीला वाकून नमस्कार केला आणि म्हणालो, "राम राम व्याहीबुवा, आलो बघा वेळेवर!"

ती सासऱ्यांची म्हैस होती.

कमलनं पेटी काठावर उतरवली तसा काटा पेटीच्या मागोमाग फिरला. "तुमची उत्तर ह्या पेटीत हाये," ती म्हणाली. सासूबाई रडायलाच लागल्या. पोरीचं लग्न मोडलं, आणि तेही आपल्याच घाटावर! मला तर वाटलं, म्हशीमागे लपावं.

इतक्यात काठाकाठानं धापा टाकत मुलाचे वडील आले. "पोंगा कोण वाजवून राहिलं? आमाले वाटलं, कोणी बुडून राहिलं!"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. बैठक तिथेच, म्हशीशेजारी बसली; सुमनलाही घरून बोलावलं.

"पोरगी पसंत हाये," ते म्हणाले. "लग्न आमच्या गावात होईन. पण एक अट हाये."

सासऱ्यांनी लगेच खिसा चाचपला. हुंडा? घड्याळ?

"लग्नाच्या दिवशी ह्या मोठ्या जवायाले नावेत बसवाचं नाही."

"मंजूर!" कमल म्हणाली. (मला विचारायची पद्धत आमच्याकडे नव्हती.)

लग्नाला सगळी मंडळी नव्या बांबूच्या भरवशावर नावेतून वेळेवर पोचली. मी सायकलीनं निघालो, मोठ्या रुबाबात, होकायंत्र हँडलला घट्ट बांधून. तिकडे अक्षता पडल्या तेव्हा मी तलावाला अख्खा वळसा घालून पुन्हा त्याच म्हशीसमोर उभा होतो. सायकलही लोखंडाचीच असते, हे मला तिथे सुचलं!