मौसमसाहेबांचं राखून ठेवलेलं भांडण

दुपारी लॉनवर राजकारणाचा विषय निघाला की आमचे मौसमसाहेब आकाशाकडे बघत आणि म्हणत, "आज धूप अच्छी है." आभाळ भरून आलेलं असलं तरी हेच. म्हणून हे नाव. दिल्लीत आर. के. पुरममधल्या आमच्या सरकारी कचेरीत ते सेक्शन ऑफिसर होते, मी नवी असिस्टंट. सेक्शनमध्ये मराठी आम्ही दोघंच.

हिवाळ्यात जेवणाच्या सुट्टीत अख्खी कचेरी हिरवळीवर उन्हाला बसे. बायकांचं विणकाम, पुरुषांचे पत्ते, शेंगा, संत्री आणि तोंडी लावायला सरकारला शिव्या. सरकारचाच पगार खाऊन त्या घालताना आम्हाला कधी लाज वाटली नाही. साहेब मात्र सगळ्यांसाठी संत्री सोलत आणि गप्प बसत. कुणी त्यांना भित्रा म्हणे, कुणी पोचलेला. "मतं मलाही आहेत हो," मला एकदा म्हणाले, "पण खुर्ची सरकारची आहे. उतरलो की बोलेन."

त्यांचा जिवलग एकच, शेजारच्या टेबलावरचे चड्ढाजी. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. रोज डिवचत, "यार, एक बार तो बता दे, तू है किस तरफ?"

साहेब त्यांच्या हातावर संत्र्याची फोड ठेवत. "रिटायरमेंट के बाद लड़ेंगे, चड्ढा. जमकर."

"पक्का?"

"बिल्कुल."

दोघं एकाच वर्षी निवृत्त होणार होते. त्याआधीच्या हिवाळ्यात चड्ढाजी हृदयविकाराने गेले. दुसऱ्या दिवशी साहेब नेहमीच्या जागी येऊन बसले, संत्रं सोललं आणि एक फोड हातात धरून सुट्टी संपेपर्यंत तसेच बसून राहिले.

साहेब निवृत्त झाल्यावर मी त्यांच्या मयूर विहारच्या घरी गेले. पत्नी आधीच गेलेली, मुलगी बंगलोरला. स्वतः चहा केला त्यांनी. टीव्हीवर बातम्या चालू होत्या, तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "साहेब, आता तरी सांगा. तुम्ही कोणत्या बाजूचे?"

त्यांनी टीव्ही बंद केला. सावरून बसले, घसा खाकरला आणि बोलायला लागले. चांगलं बोलत होते. चार वाक्यांवर थांबले.

"छे," म्हणाले. "तुम्ही ऐकून घेताय. तो मध्येच तोडायचा."

इतकी वर्षं जपून ठेवलेलं सगळं त्यांच्यापाशीच राहिलं होतं. कप उचलत त्यांनी खिडकीकडे बघितलं.

"लॉनवर ऊन येतं का हो अजून?"

"येतं," मी म्हटलं.